पाहुणा कीं गिऱ्हाईक?

सांप्रत आमच्या सुखवस्तु वर्गांत एक नवी तीर्थयात्रा रूढ झाली आहे. मूल दोन-अडीच वर्षांचें झालें, त्याचा पासपोर्ट निघाला, कीं आईबाप त्याला कडेवर घेऊन मालदीवला निघतात. मुंबईहून विमानानें माले, तेथून वेगवान बोटीनें किंवा सीप्लेननें एखादें रिसॉर्ट-बेट, चार रात्री वाळूवरच्या अगर पाण्यावरच्या खोलींत मुक्काम, आणि परत. २०२१, २०२२ व २०२३ या तिन्ही सालीं दोन-दोन लाखांहून अधिक भारतीय प्रवासी त्या लहानशा राष्ट्रांत जाऊन आले. कोणत्या बेटावर मुलांसाठीं उथळ तलाव आहे, कोठें मुलाचें जेवण फुकट आहे, कोठें मूल सांभाळणारी बाई तासावर मिळते, ही माहिती आमच्या आईबापांना तोंडपाठ असते. या यात्रेनें मुलाच्या मनाचें काय होतें, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. तो आम्ही येथें विचारणार आहों, आणि आमचें उत्तर अनेकांस रुचणार नाहीं हें जाणून विचारणार आहों.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढली पाहिजे. या यात्रेवर घरांतील वडील माणसें जो आक्षेप घेतात तो आम्हांस मान्य नाहीं. "इतक्या लहान मुलाला काय कळतें? मोठें झाल्यावर त्याला कांहीं आठवणार नाहीं, पैसे मात्र पाण्यांत," असें त्यांचें म्हणणें असतें. तीन-साडेतीन वर्षांपूर्वीच्या प्रसंगांची आठवण मोठेपणीं बहुधा राहत नाहीं, हें मानसशास्त्रालाही मान्य आहे. परंतु हेंच आजी-आजोबा त्याच वयाच्या मुलाला अंगाई म्हणतात, चिऊकाऊचा घांस भरवितात, आल्यागेल्याला नमस्कार करावयास शिकवितात. हें सर्व विसरलें जाणार आहे म्हणून व्यर्थ आहे, असें त्यांना कधीं वाटत नाहीं. प्रसंग पुसून जातो, वळण राहतें. कोणाकडे पाहून हंसावें, कोणाला हांक मारावी, कोणाला हुकूम सोडावा, ही समज याच वयांत बसते. आणि ती कशी बसली याची आठवण नसल्यामुळें पुढें ती तपासून पाहण्याची सोयही राहत नाहीं. तेव्हां मुलाला आठवणार नाहीं हें कारण आम्हांस निष्काळजी करण्याऐवजीं अधिक सावध करणारें वाटतें.

आतां हें रिसॉर्ट-बेट म्हणजे काय तें पाहूं. मालदीव हें बाराशेंच्या आसपास प्रवाळबेटांचें राष्ट्र आहे, आणि त्यांपैकीं सुमारें दोनशें बेटांवरच गांवें आहेत. १९६५ सालीं इंग्रजांच्या छत्राखालून तें स्वतंत्र झालें. १९७२ सालीं मालेजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर कुरुंबा नांवाचें पहिलें रिसॉर्ट उघडलें. पुढें एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि तेंही वस्ती नसलेल्या बेटावर, असें धोरण ठरत गेलें. तेथील समाज मुसलमान आहे. मद्य व डुकराचें मांस त्याला निषिद्ध आहे. परकी प्रवाशाला हे पदार्थ विकतां यावेत आणि त्याच्या चालीरीतींचा उपसर्ग गांवाला पोंचूं नये, म्हणून समुद्राचाच कुंपणासारखा उपयोग केला गेला. या धोरणानें मासेमारीवर कसेंबसें जगणाऱ्या राष्ट्राला पैसा मिळाला. त्याबद्दल आम्ही त्या राष्ट्राला बोल लावीत नाहीं. आपलें घर कसें राखावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. आमचा प्रश्न आमच्या मुलापुरता आहे. ज्या जागेंतून तेथील समाज हेतुपुरस्सर वगळलेला आहे, त्या जागीं मुलाला चार दिवस ठेवून "आम्हीं त्याला परदेश दाखविला" असें म्हणणें कितपत खरें?

अशा बेटावर शाळा नाहीं, म्हणून दप्तर पाठीला लावून जाणारें मूल नाहीं. बाजार नाहीं, म्हणून घासाघीस नाहीं. पायरीवर बसलेली म्हातारी नाहीं, मशिदीकडे निघालेला म्हातारा नाहीं, होडी दुरुस्त करीत बसलेला बाप नाहीं. तेथें कोणाचें घर नसतें. माणसें दोनच जातींचीं असतात: ज्यांची सेवा होते तीं आणि जीं सेवा करतात तीं. आमच्या घरचें मूल बोलूं लागतें तें नातीं जोडीत. भाजी विकणारी ती मावशी, फाटकावरचा तो काका, शेजारचे ते आजोबा. ही आमच्या संस्कृतीची फार जुनी आणि फार चांगली खोड आहे. परक्याला नात्याचें नांव दिलें कीं त्याच्याशीं उद्धटपणें बोलणें निदान कठीण जातें. रिसॉर्टवर हेंच मूल पाहतें कीं मोठ्या माणसांच्या छातीवर नांवाची पट्टी आहे, तीं त्याच्यापुढें वांकतात, कधीं कधीं त्या तीन वर्षांच्या पोराला 'सर' म्हणतात, आणि त्यानें सांडलेला भात त्याच्या देखत निमूटपणें पुसतात. त्याला कोणी रागें भरत नाहीं. जगांत आपल्याला कोणी रागें भरूं शकत नाहीं असा एक प्रदेश आहे, ही ओळख मुलाला या वयांत करून देणें आम्हांस हिताचें वाटत नाहीं.

किड्स क्लबांत अर्थात् इतर मुलें असतात. पण तीं गिऱ्हाइकांचींच मुलें. त्या देशाचें मूल तेथें दिसत नाहीं. रिसॉर्टवर राबणारे मालदीवचे तरुण आपल्या बायकामुलांपासून दूर, दुसऱ्या बेटावरून येऊन तेथें राहतात. त्यांच्या बरोबरीनें बांगलादेश, श्रीलंका, भारत, फिलिपाईन्स अशा देशांतून आलेलीं माणसें काम करतात, आणि त्यांतल्या कित्येकांचीं लहान मुलें मायदेशीं नातेवाइकांकडे वाढत असतात. म्हणजे आपण निवांत जेवावें म्हणून आपलें मूल जी बाई मांडीवर घेते, तिचें स्वतःचें मूल कदाचित् हजार मैलांवर आजीच्या मांडीवर असतें. या व्यवहारांत गुन्हा कोणाचा असें आम्ही म्हणत नाहीं. मोलानें काम करणें व करवून घेणें यांत पाप नाहीं. पण त्या बाईला "तुझें बाळ केवढें आहे?" एवढें तरी किती जण विचारतात?

यावर आईबापांचें जें खरें उत्तर आहे त्याचा अनादर करूं नये. एकत्र कुटुंबें मोडलीं. शहरांत दोन खोल्यांच्या घरांत नवराबायको दोघेंही नोकरी करतात. मुलाला घटकाभर सांभाळावयास आत्या नाहीं कीं काकू नाहीं. अशा आईला चार दिवस कोणी आयतें ताट वाढलें, तर त्यांत उधळेपणा पाहणारा मनुष्य निर्दय म्हटला पाहिजे. बाईच्या विश्रांतीला चैन म्हणण्याची आमच्या समाजाची संवय जुनी आहे, आणि तिचा आम्ही निषेधच करतों. परंतु मग त्या सहलीला तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी. ही आईबापांची विश्रांति आहे, ती त्यांनीं खुशाल घ्यावी. "मुलासाठीं जातों, त्याची दृष्टि विशाल होते" हें जें वर लावलेलें लेबल आहे तेवढें काढून टाकावें. तें लेबल कंपनीनें छापलें आहे. आम्हीं तें विचार न करतां आपल्या तोंडीं घेतलें आहे.

दुसरें उत्तर निसर्गाचें देतात. मूल समुद्र पाहतें, मासे पाहतें, हें शिक्षण नव्हे काय? असतें तर आम्हीं आनंदानें मान्य केलें असतें. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाचा दिवस तेथें बहुधा क्लोरीनच्या तलावांतच जातो; समुद्र त्याच्या पलीकडे चित्रासारखा पसरलेला असतो. त्याच्या पिण्याचें पाणी यंत्रानें समुद्राच्या पाण्यांतलें मीठ काढून केलेलें असतें. खोलीचा गारवा बहुतेक ठिकाणीं डिझेल जाळून आणलेला असतो. आणि माले व आसपासच्या रिसॉर्टांचा कचरा १९९२ पासून थिलाफुशी नांवाच्या उथळ खाडींत टाकून तिचें बेट बनविलें गेलें. समुद्र तापल्यामुळें १९९८ व २०१६ सालीं तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरें पडून मेलें. ज्या देशाची जमीन समुद्रापासून कोठेंही अडीच मीटरहून फारशी उंच नाहीं, त्याची ही काळजी तेथील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. आमच्या मुलाला ती कळण्याचें वय नाहीं हें खरें. पण त्याच्या आईबापांना तें वय केव्हांच येऊन गेलेलें आहे.

हें सर्व अधिक खटकतें तें या कारणानें, कीं त्या देशाशीं आमचें जुनें नातें आहे. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'कवडीचुंबक' हे शब्द आम्ही रोज वापरतों. ती कवडी शतकानुशतकें मुख्यत्वें मालदीवच्या समुद्रांतून हिंदुस्थानांत येत असे. बंगालच्या बाजारांत ती नाणें म्हणून चाले. चौदाव्या शतकांत त्या बेटांवर कांहीं काळ काजी म्हणून राहिलेल्या इब्न बतूतानें हा व्यापार नमूद केला आहे. आई तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यांतली माळ कवड्यांचीच असते. तेथील दिवेही भाषा सिंहलीची बहीण, म्हणजे आमच्या मराठीचीही दूरची आप्त. तीनला तेथें 'तिनेह' म्हणतात, दहाला 'दिहएह'. नुकतेंच आंकडे म्हणूं लागलेल्या मराठी मुलाला तेथल्या मुलासंगें शिंपले मोजावयास बसविलें, तर त्या खेळाला दुभाषा लागणार नाहीं. पण त्यासाठीं तें दुसरें मूल भेटावें लागतें, आणि रिसॉर्टवर तेंच तेवढें मिळत नाहीं.

तें मिळण्याचा मार्ग मात्र आतां बंद नाहीं. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर पाहुणघरें चालविण्यास तेथील सरकारनें परवानगी दिली, आणि माफुशीसारखीं बेटें त्यावर नांवारूपास आलीं. मालेहून साध्या फेरीबोटीनें तेथें जातां येतें. पाहुणघराच्या दाराबाहेर रस्ता असतो, रस्त्यावर दुकान असतें, संध्याकाळीं लोखंडी चौकटीला जाळें ताणून केलेल्या 'जोली' नांवाच्या बैठकींत माणसें गप्पा मारीत बसतात. तेथें मद्य मिळत नाहीं, आणि ठराविक किनारा सोडून अंग झांकूनच वावरावें लागतें. कित्येकांना ही अडचण वाटते; आमच्या मतें मुलाच्या दृष्टीनें या स्थळाचा मोठा गुण हाच आहे. दुसऱ्याच्या घरीं गेलें कीं त्याच्या रीतीनें वागावें, चपला कोठें काढावयाच्या हें त्याला विचारावें, हा धडा आम्ही मुलाला पहिल्यानें आजोळीं देतों. परदेशांत गेल्यावर तो धडा मागें कां पडावा? पाहुणघरांतही पैसेच मोजावे लागतात, असें कोणी म्हणेल. मोजावे लागतात खरे. पण पैसे मोजल्यावरही तेथें आपण परक्याच्या गांवांत असतों, आणि गांव आपल्याकरितां बदलत नाहीं. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत भेद आहे तो एवढाच, आणि लहान मुलाला तो न सांगतां कळतो.

"पण आजारपण आलें तर?" हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचें उत्तर रिसॉर्टच्या बाजूनें पडतें असें समजूं नये. सीप्लेनें दिवसाउजेडींच उडतात. रात्रीं मुलाला ताप भरला तर दूरच्या रिसॉर्टवरून मोठें इस्पितळ गांठणें सोपें नसतें, मग खोली कितीही महाग असो. मालेजवळच्या वस्तीच्या बेटावर निदान आरोग्यकेंद्र असतें, आणि मुलाचा ताप पाहिलेल्या चार शेजारणी असतात. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या खोल्यांत लहान मुलांना घेण्यास कित्येक रिसॉर्टें स्वतःच नकार देतात, यावरून त्या जागा कोणासाठीं योजिल्या आहेत हें उघड व्हावें.

शेवटीं एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. जानेवारी २०२४ मध्यें मालदीवच्या कांहीं उपमंत्र्यांच्या अनुचित उद्गारांवरून वादळ उठलें, आणि आमच्याकडील अनेकांनीं त्या देशावर बहिष्कार पुकारून लक्षद्वीपचें नांव पुढें केलें. आमचा लेख त्या पंक्तींतला नाहीं. कुंपणाआडचा तलाव मालदीवऐवजीं लक्षद्वीपांत खणला, किंवा तारकर्लीच्या वाळूंत खणला, तरी मुलाला मिळणारा धडा तोच राहतो. उलट, मालवणांत एखाद्या कोळ्याच्या घराशेजारीं चार दिवस राहून, सकाळीं जाळीं ओढतांना पाहून, त्याच्या नातवाशीं भांडून आणि समेट करून जें मूल परत येतें, तें अधिक दूरचा प्रवास करून आलें असें आम्ही मानतों.

म्हणून मुलाला बेटावर नेऊं नका असें आमचें सांगणें नाहीं. जरूर न्या, पण जेथें तें बेट कोणाचें तरी घर आहे अशा बेटावर न्या. तेथें त्याला त्याच्या वयाचें एक मूल भेटूं द्या, एका म्हातारीला त्याचा गालगुच्चा घेऊं द्या, आणि त्यानें आगळीक केली तर तेथल्या एखाद्या वडील माणसाला त्याच्यावर डोळे वटारूं द्या. विश्रांति हवी असेल तर तीही घ्या, आणि ती आपल्या स्वतःच्या नांवावर घ्या. ज्यांना हें सर्व गैरसोयीचें वाटतें त्यांनीं आणखी दोन-चार वर्षें थांबावें. समुद्र कोठें जात नाहीं, आणि तोंवर मुलाला आजोळ आहे.