फायद्याचं टेबल कुठलं? भाच्याच्या वहीतला हिशेब

परवा भाचा घरी आला. पुण्यात इंजिनिअर आहे, पोरगा हुशार, व्यसन कसलं नाही. चहा झाल्यावर म्हणाला, "मामा, तीन लाखांची एफडी मोडतोय. आईला सांगू नका."

कशाला, तर पोकरला.

आधी ऑनलाइन खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात पोकरही गेलं. तेव्हापासून हा पंधरा दिवसांनी एकदा गोव्याला जातो, कॅसिनोत समोरासमोर बसून खेळतो. आता त्याला छोट्या टेबलावरून मोठ्या टेबलावर जायचंय. त्याचं म्हणणं असं, "छोट्या टेबलावर सगळं रेकमध्ये जातं. खरा फायदा वरच्या स्टेकला आहे."

मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. पोकरमधलं मला कळत नाही, पण वही कळते. म्हटलं, वही आण. त्याच्याकडे खरंच वही होती, आणि नीट ठेवलेली होती. दोघं बसलो. त्यातून जे निघालं ते इथे लिहितोय, कारण असे भाचे आता घरोघरी आहेत.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, टेबलावरच्या इतरांविरुद्ध खेळता. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढतो, त्याला रेक म्हणतात. म्हणजे फायदा दोनच गोष्टींवर ठरतो: समोरचे तुमच्यापेक्षा किती कच्चे आहेत, आणि घरमालक किती कापतो. तुम्ही स्वतः किती भारी खेळता हे त्यानंतर येतं. जगातला दहाव्या नंबरचा खेळाडू पहिल्या नऊ जणांबरोबर बसला तर हरेल.

भाचा बसतो ते टेबल ५०-१०० चं. १०० रुपयांचा बिग ब्लाइंड, दहा हजार घेऊन बसायचं. नऊ माणसं, तासाला साधारण पंचवीस डाव. सरासरी पॉट दोन हजारांचा आणि रेक ५ टक्के धरला, तर एका डावाला शंभर, तासाला अडीच हजार. आठ तासांत वीस हजार. म्हणजे दर बैठकीला दोन माणसांनी आणलेले सगळे पैसे टेबलावरून उठून जातात, आणि ते कुठल्याच खेळाडूने जिंकलेले नसतात!

आता वही. बारा बैठका, ९६ तास. सात वेळा जिंकला, मिळून ९८ हजार. पाच वेळा हरला, मिळून ७० हजार. निव्वळ २८ हजार वर. तासाला २९० रुपयांच्या आसपास. त्याच खुर्चीवरून रेक गेला तोही माणशी तासाला पावणेतीनशेच. पोराने जेवढं कमावलं, तेवढंच त्याच्या खुर्चीने घरमालकाला दिलं.

तरी वर आहे ना, असं तो म्हणाला. बघू.

बसचं भाडं, राहणं, खाणं वहीत नव्हतंच. एका खेपेला साडेचार हजार धरले तर बारा खेपांचे ५४ हजार. मग कर. पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर आयकर सरसकट ३० टक्के, आणि खेळातला तोटा किंवा खर्च त्यातून वजा होत नाही. कायदा अक्षरशः लावला तर कर २८ हजारांवर नाही, ९८ हजारांवर. म्हणजे २९,४०० रुपये. निव्वळ कमाईपेक्षा करच जास्त! सगळं मिळून पोरगा ५५,४०० रुपयांनी खाली.

शिवाय कॅसिनोतल्या चिप्सच्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तो चिप्स घेतानाच कापतात, पॅकेजमध्ये धरतात की आणखी कुठून वसूल करतात, हे बसण्याआधी विचारायला हवं. भाच्याने विचारलं नव्हतं.

आणि ते २८ हजार तरी कौशल्याचे का? या खेळात तासाला ४०-५० बिग ब्लाइंडची वरखाली सहज होते. ढोबळ गणित केलं तर जो धड जिंकणारा नाही आणि हरणाराही नाही, अशा चार जणांपैकी एकाला ९६ तासांनंतर एवढा फायदा निव्वळ नशिबाने दिसेल. बारा बैठकांवरून आपण चांगले खेळाडू आहोत हे सिद्ध होत नाही.

आता मोठ्या टेबलाचं. रेकबद्दल भाच्याचं म्हणणं चूक नाही. बऱ्याच ठिकाणी एका पॉटमागे रेकला वरची मर्यादा असते, त्यामुळे मोठ्या पॉटमध्ये कापलेला वाटा टक्क्यांत कमी पडतो. पण तिथे बसतं कोण? गंमत म्हणून आलेला पर्यटक ५००-१००० च्या टेबलावर क्वचित बसतो. तिथे रोजचे लोक असतात, आणि तेही आपल्यासारखेच कच्चा माणूस शोधत असतात. त्या टेबलावर एकदा बसायला एक लाख लागतात. जाणकार सांगतात, निदान वीस ते चाळीस वेळा बसता येईल एवढी रक्कम बाजूला हवी. म्हणजे वीस लाख ते चाळीस लाख. याच्याकडे तीन लाख. दोन-तीन वाईट दिवस, की एफडी संपली.

मी विचारलं, मग चांगलं टेबल ओळखायचं कसं? ते त्याने झकास सांगितलं. जिथे प्रत्येक डावात पाच-सहा जण पैसे घालून पुढचे पत्ते बघतात, जिथे हसणं-खिदळणं चालू आहे, ग्लास भरले जातायत, शनिवारची रात्र आहे, आणि कुणीतरी हरलेले पैसे भरून काढायला परत परत चिप्स मागवतोय. वहीत अशा माणसांपुढे त्याने 'फिश' लिहिलं होतं. एकापुढे लिहिलं होतं, "बेळगावचा, चार वेळा चिप्स घेतल्या, उद्या परत येणार."

मी ती ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली. तो गप्प झाला. फायद्याचं टेबल म्हणजे काय, ते त्या ओळीत आहे. कुणाचा तरी पगार, कुणाच्या तरी दुकानाचा गल्ला. आणि मोठ्या टेबलावर हाच तीन लाख घेऊन बसला, की कुणाच्या तरी वहीत लिहिलं जाणार, "पुण्याचा, नवीन."

मी पोकरला निव्वळ जुगार म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्यप्रधान म्हटलं, पोकरबद्दल उच्च न्यायालयांत एकमत नाही. कौशल्य आहेच. पण कौशल्याचा खेळ म्हणजे कमाईचा खेळ नव्हे. कुस्तीही कौशल्याचीच, म्हणून प्रत्येक पैलवान गदा घेऊन घरी येत नाही.

आता सरकारकडे वळू. गोव्यात १९७६ चा जुगारबंदी कायदा आहे, त्यात नंतर दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली आणि मग बोटींवर टेबलं. त्याच गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. म्हणजे मांडवीतल्या बोटीवर गोंयकाराने बसायचं नाही, पण सावंतवाडी, कोल्हापूर, बेळगावच्या पोराला पायघड्या! आपल्या घरात जे विष म्हणून कपाटात ठेवलं, ते शेजाऱ्याला सरबत म्हणून द्यायचं? महाराष्ट्राने १९७६ सालीच केलेला, पण कधी अंमलात न आणलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. चांगलं झालं. पण पोरं बसने जातातच.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदीने खेळ मागच्या खोलीत जातो, आणि तिथे रेक किती हे विचारायचीही सोय नसते. माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक टेबलावर रेक किती, मर्यादा किती, कर कुठे कापला जातो, हे मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नडमध्ये ठळक लिहा. कमाईवर कर घेता तर त्याच खेळातला तोटा वजा करू द्या, नाहीतर हिशेब लपवणं हीच सवय लागते. आणि ज्या नियमाने गोंयकाराला वाचवलं, त्या काळजीतलं थोडं बाहेरच्यालाही द्या: एका दिवसात किती वेळा चिप्स घ्यायच्या याला हद्द घाला.

घरात कुणी खेळत असेल तर ओरडू नका. वही मागा. वही नसेल तर तेच उत्तर आहे. असेल तर बसभाडं आणि कर धरून बेरीज करा, त्याच्यासमोर, त्याच्याच पेनाने.

भाचा रात्री परत गेला. निघताना म्हणाला, "मामा, विचार करतो." एफडी अजून मोडलेली नाही, आणि मीही त्याच्या आईला अजून काही सांगितलेलं नाही.

गणितात चूक दिसली तर जरूर दाखवा. शिव्या नकोत.