भाकीत करताना जरा जपून!

मैत्रिणींनो, पुढच्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले कोणते फुटबॉल संघ गटांगळ्या खाणार, यावर आमच्याकडे जेवताना वाद रंगतो. वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने आणि शेवटचे तीन खालच्या श्रेणीत! मला वाटायचं, हे बापलेकांचं खूळ. पण लेकानं समजावून सांगितलं, तेव्हा हिशेब आपल्या घरखर्चासारखाच निघाला.

पहिली खूण, नव्यानं वर आलेले संघ. २०२३-२४ मध्ये असे तिन्ही संघ लगेच खाली गेले, २०२४-२५ मध्येही तस्संच! दुसरी, हुकमी गोल करणारा खेळाडू विकून त्याच्या जागी कुणी न आणणं. तिसरी, कच्चा बचाव. मिळकत कमी आणि गळती जास्त, मग घर चालणार कसं?

तरी भाकीत जपूनच करावं. लेस्टर सिटीचा संघ २०१४-१५ मध्ये कसाबसा वाचला. पुढच्या वर्षी तो बुडणार, असं कितीतरी जाणकार म्हणाले आणि त्यानं चक्क विजेतेपद पटकावलं! तोच संघ २०२३ मध्ये मात्र खाली गेला.

हे ऐकलं आणि मला माझा वर्ग आठवला. एका मुलाबद्दल ‘हा नापासच होणार’ असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि कित्येक दिवसांत त्याला साधा प्रश्नही विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न त्यालाच विचारला. उत्तर अर्धंच आलं, पण आलं!