तिकीट फुकट, पायरी गुडघाभर

राज्य सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. पासष्टीनंतरची अर्ध्या तिकिटाची सवलत आधीपासून होतीच, दिव्यांगांनाही भाड्यात सूट आहे. हे सगळे चांगलेच आहे. पण ज्या वयात तिकीट फुकट होते, नेमके त्याच वयात गुडघे कुरकुरू लागतात आणि साध्या एसटीची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी उंच असते. गाडी थांबा सोडून पुढे, खड्ड्याकडेला उभी राहिली तर ती आणखी उंच होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा, एक पाय वर टाकून बाकीचे शरीर ओढून घ्यायचे आणि मागून गर्दीचे 'आजी, चला लवकर!' वाहकाने हात दिला तर प्रवास होतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर दोघांनी उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. सवलतीच्या प्रत्येक तिकिटाची नोंद राहते, तिची भरपाई सरकार महामंडळाला देते आणि लाभार्थ्यांचे आकडे जाहीर होतात. जो चढूच शकला नाही, तो कोणत्याच आकड्यात येत नाही. म्हणून माझे म्हणणे इतकेच की, भाड्याइतकाच पैसा आणि तितकेच लक्ष पायरीकडे गेले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ग्रामीण रस्त्यांवर, घाटात बुटक्या गाड्या चालणार नाहीत, त्यांचे तळ घासतील. ते खरे आहे. शहरातल्या लो-फ्लोअर बस जशाच्या तशा तालुक्याच्या रस्त्यावर आणा, असे कोणी म्हणतही नाही. पण गाडीचा तळ उंच असणे आणि पहिली पायरी उंच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार उघडल्यावर खाली उतरणारी घडीची पायरी, दाराच्या दोन्ही बाजूंना खालपर्यंत आलेले दांडे आणि पायरीच्या कडेला पिवळा पट्टा यासाठी घाट आड येत नाही. शिवाय एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे स्वतःच्या कार्यशाळा आहेत, चासीवर गाडीचा सांगाडा बांधण्याचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. जो स्वतः गाडी बांधतो, त्याने पायरीसाठी कारखानदाराकडे बोट दाखवू नये. आणि स्थानकात गाडी फलाटाला नीट लावणे, थांब्यावर ती कडेला चिकटवून उभी करणे, याला तर पैसाही लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, असे प्रवासी असतात तरी किती? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. ज्येष्ठ त्याहून कितीतरी अधिक. ते स्थानकात दिसत नाहीत, कारण घरून निघून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक आहे. (एसटीत आमदारांसाठीही आसन राखीव असते. त्यावर कोणी नियमित बसत असते, तर पायरीचा प्रश्न विधानसभेत केव्हाच गाजला असता.)

कायद्यालाही हे नवे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 41 वे कलम जुन्या वाहनांतही बदल करायला सांगते. मात्र 'तांत्रिकदृष्ट्या शक्य', 'आर्थिकदृष्ट्या परवडणारे' अशा अटी घालून पळवाटही ठेवते. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 च्या राजीव रतुरी खटल्यातील निकालात कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवायला केंद्राला सांगितले. महामंडळाने दिल्लीकडे बघत बसण्याचे कारण नाही. गाड्यांच्या पुढच्या निविदेत आसनसंख्या आणि इंजिनाच्या ताकदीबरोबर पहिल्या पायरीची कमाल उंचीही सेंटिमीटरमध्ये लिहावी, आणि ती न पाळणारी गाडी ताब्यात घेऊ नये.