केसाएवढी भेग आणि मिस्त्रीचा ‘होये जाबे’

पावसाळ्यातला चिखल धुताना मागच्या चिमट्यापाशी केसासारखी एक काळी रेघ दिसते. वडिलांनी हौसेने घेतलेली आणि आता मुलाच्या वाट्याला आलेली ही जुनी माउंटन बाइक. रेघ रंगाची की धातूची, असा प्रश्न घरात उभा राहतो. मुलाला उद्या सकाळी याच सायकलवरून शिकवणीला जायचे असते.

कोलकात्यात असे काही झाले की पावले कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे किंवा बेंटिंक स्ट्रीटच्या सायकल बाजाराकडे वळतात. मिस्त्री हसून म्हणतो, “होये जाबे!” सायकल पोलादाची असेल, तर त्याचे म्हणणे बहुधा खरेही ठरते. १९२६ साली याच शहरातून बिमल मुखर्जी सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि १९३७ साली परतले. त्या काळच्या सायकली पोलादी असत. आसनसोलजवळ कन्यापूरच्या सेन-रॅले कारखान्यातल्या सायकलीही तशाच. अशा नळीची भेग पितळेने झाळून घेतली, तर ती पुढे वर्षानुवर्षे साथ देते. अ‍ॅल्युमिनियमचे गणित मात्र निराळे आहे.

म्हणून सर्वप्रथम फ्रेमला लोहचुंबक लावून पाहावा. तो चिकटला तर पोलाद समजावे. चिकटला नाही आणि फ्रेमच्या नळ्या जाड व वजनाला हलक्या असतील, तर ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. मग रेघेवरचा रंग बारीक पॉलिश पेपरने हळूच काढावा आणि टॉर्चच्या उजेडात भिंगातून पाहावे. रेघ रंगाबरोबर गेली तर चिंता मिटली. उघड्या धातूवरही राहिली तर तो तडा आहे. शंका उरलीच, तर काही वर्कशॉपमध्ये लाल रंगाच्या द्रवाने तपासणी करतात. द्रव भेगेत मुरतो, वरचा पुसून पांढरी भुकटी फवारली की भेग लाल रेघ होऊन उमटते.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळते, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. शिवाय वितळण्यापूर्वी हा धातू पोलादासारखा लालही होत नाही. त्यामुळे साध्या वेल्डिंगने आतली नळी ढासळते आणि वरची भेग तशीच राहते. यासाठी आर्गन वायूच्या आवरणातले टिग वेल्डिंग लागते. ते करणारे कारागीर हावड्याच्या कारखान्यांत सापडू शकतात.

तरीही काम तिथे संपत नाही. बऱ्याच फ्रेम ६०६१ या मिश्रधातूच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो, त्याची ताकद कधी कधी निम्म्यावर येते. ती परत मिळवायची तर फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवून एकदम थंड करावी लागते आणि पुन्हा कमी आचेवर काही तास भट्टीत ठेवावी लागते. ७००५ या मिश्रधातूला एवढा खटाटोप लागत नाही. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न विचारावा, “वेल्डिंगनंतर काय करणार?” उत्तर “काही नाही” असेल, तर जोड कितीही सुबक दिसो, त्यावर भरवसा ठेवू नये.

तडा कुठे आहे, यावर पुढचा निर्णय ठरतो. मागच्या चाकाजवळ गिअरची यंत्रणा जिथे टांगलेली असते, तो छोटा तुकडा पुष्कळ सायकलींत स्क्रूने बसवलेला असतो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम नाजूक ठेवतात. तो जोडत बसू नये, जुना नमुना दुकानात नेऊन तंतोतंत तसाच नवा घ्यावा. मात्र हँडलखालची नळी, पुढचा चिमटा किंवा पेडलजवळचा सांधा तडकला असेल, तर सायकल लगेच बाजूला ठेवावी. हे भाग तुटताना फारशी पूर्वसूचना देत नाहीत. भेगेच्या टोकाला भोक पाडले तर ती पसरण्याचा वेग कमी होतो, पण तो उपाय नव्हे. इपॉक्सीचा लेप तर केवळ भेग झाकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोलाद मर्यादेत ताण असला तर हादरे दीर्घकाळ सोसते. अ‍ॅल्युमिनियमच्या खात्यात मात्र रुळांचा आणि खड्ड्यांचा प्रत्येक हिसका जमा होत जातो. एका ठिकाणी तडा गेलेली जुनी फ्रेम दुसरीकडेही थकलेली असू शकते.

मग वडिलांच्या आठवणीचे काय? चाके, ब्रेक, पेडल, खोगीर हे सारे धडधाकट असेल, तर ते मापात बसणाऱ्या पोलादी फ्रेमवर चढवता येते. जुनी फ्रेम भंगारात गेली तरी वाया जात नाही. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला नवे तयार करण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. मुलगा दोन दिवस बसने जाईल, थोडा रुसेलही. पण भर रस्त्यात हँडल हातात येण्यापेक्षा हा रुसवा केव्हाही परवडला.