साऱ्या राज्यांवर एकच राजा? मराठवाड्याने हा प्रयोग भोगला आहे



मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन उरकून परतणारी चांगली शिकलेली माणसे जेव्हा "या निवडणुका पुरे झाल्या, साऱ्या राज्यांवर एकच राजा बसवा, म्हणजे देश सुतासारखा सरळ येईल," असे बिनदिक्कत बोलतात, तेव्हा संताप आवरत नाही. एका माणसाच्या मर्जीवर चालणारे राज्य कसे असते, हे ज्या मुलखाने आपल्या रक्ताने जाणले, त्याच मुलखात ही भाषा निघावी?

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४७ च्या जूनमध्ये निजामाने भारतात सामील न होण्याचे ठरवून दीड कोटीहून अधिक प्रजेच्या भवितव्याचा निर्णय एका फर्मानाने केला. प्रजेस कोणी पुसले नाही. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा डौलत असता हैदराबादेत तो फडकविणाऱ्या, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना कैद झाली. आज नांदेडचे विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते.

"राजा असला की निर्णय झटपट होतात." होतात खरे! सभा भरवायची तर आधी सरकारी परवानगी काढा, असे फर्मावणारी ५३ क्रमांकाची गश्ती लागू करतानाही रयतेशी वाद घालण्याची तसदी घ्यावी लागली नव्हती. संस्थानचा सुमारे दशांश मुलूख 'सर्फेखास' होता, म्हणजे तेथील महसूल थेट राजाच्या खाजगी खजिन्यात जमा होई. त्याचा हिशेब मागण्याची सोय कोणत्याही कचेरीत नव्हती.

"पण रेल्वे, धरणे, विद्यापीठ निजामानेच दिले ना?" दिले ते रयतेच्याच साऱ्यातून, आणि १९१८ साली स्थापिलेल्या त्या उस्मानिया विद्यापीठात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांना शिकावे लागे ते उर्दूतून.

"राजा शिवछत्रपतींसारखा मिळाला तर?" हा प्रश्न भक्तीतून येतो, म्हणून शांतपणे सांगतो. १६८० साली महाराज गेले आणि रायगडावर गादीसाठी गृहकलह माजला. थोरवी वारसाहक्काने उतरत नाही, गादी मात्र उतरते. राजाचा धर्म कोणता, जात कोणती, हा मुद्दाच नव्हे. ज्याच्या हुकुमावर अपील नाही, तो कोणीही असो, आम्हांस नको.

आमदार नालायक निघाला तर पाच वर्षांनी मतपेटीतून घालविता येतो. निजामाची सत्ता हटविण्यास १९४८ च्या सप्टेंबरात भारताची फौज आणावी लागली. म्हणून राजा मागणाऱ्यास चारचौघांत उभे करून विचारा: तो बिघडला तर काढणार कोण, आणि कसा?