यूजनेट : दार बंद, जाळे शाबूत

गुगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या 'गुगल ग्रुप्स' या सेवेतून यूजनेटला रजा दिली. त्या दिवसापासून तेथून यूजनेटवर नवा मजकूर टाकता येत नाही, नव्या गटाचे सदस्य होता येत नाही आणि जगात इतरत्र कोणी लिहिलेले नवे काही तेथे दिसतही नाही. जुना संग्रह तेवढा वाचण्यापुरता ठेवण्यात आला आहे. ज्या पिढीने इंटरनेट मोबाइलच्या पडद्यावरच प्रथम पाहिले, तिला यूजनेट हे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही या निर्णयाने पुढे आलेला प्रश्न जुना नाही आणि दूरदेशीचाही नाही. सार्वजनिक चर्चेच्या जागेची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा तो प्रश्न. पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या गावांपुढे तो महानगरांपेक्षा अधिक तीव्रतेने उभा आहे.

यूजनेट म्हणजे संकेतस्थळ नव्हे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ही कल्पना सुचली आणि पुढच्याच वर्षी ती प्रत्यक्षात आली. एका संगणकावर लिहिलेला मजकूर तो संगणक शेजारच्या संगणकाला देतो, शेजारचा पुढच्याला. मधला दुवा काही तास तुटला तरी मजकूर थांबून राहतो आणि वाट मोकळी होताच पुढे सरकतो. मुंबईहून निघालेली गाडी रोह्याला मध्य रेल्वेच्या हद्दीतून कोकण रेल्वेच्या हद्दीत जाते आणि प्रवाशाला त्याची जाणीवही होत नाही, तसाच हा कारभार. फरक एवढाच, की येथे रेल्वे मंडळ नाही. जाळ्याला मालक नाही, मुख्यालय नाही. विषयवार गट आणि त्या गटांतील मजकुराची प्रत ठेवणारे असंख्य संगणक, एवढाच संसार. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली वार्ता ऑगस्ट १९९१ मध्ये अशाच एका गटात दिली आणि टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची जाहीर ओळख करून दिली तीही त्याच महिन्यात, दुसऱ्या एका गटात.

भारतीयांचा 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन' हा गट ऐंशीच्या दशकातला. त्याला पुढे मराठीची स्वतंत्र शाखा फुटली. संगणकावर देवनागरी सहज उमटत नव्हती, म्हणून मराठी रोमन लिपीत लिहिली जाई. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' पद्धतीने त्या लेखनाला काही शिस्त आणली. मात्र लिहिणारे बहुतेक सारे परदेशी विद्यापीठांत शिकणारे किंवा नोकरी करणारे मराठी तरुण होते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला या जाळ्यात शिरायला दारच नव्हते. शैक्षणिक व संशोधन संस्थांसाठीचे 'अर्नेट' होते, पण सामान्य नागरिकाला त्याचा उपयोग नव्हता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा व्यक्तिगत ग्राहकाला सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाच्या २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत.

हा झाला मुंबईकराचा हिशेब. पेणची दूरध्वनी संकेतसंख्या ०२१४३, रोह्याची ०२१९४. तेथून मुंबईच्या केंद्राशी संगणक जोडायचा तर तो एसटीडी कॉल ठरे आणि वर्गणीवर दूरध्वनीच्या बिलाचा बोजा पडे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट होई, त्यामुळे ज्याला हौस असेल त्याला ती मध्यरात्रीच परवडणारी होती. पेण मुंबईपासून रस्त्याने दोन-अडीच तासांवर. पण जाळ्याच्या दृष्टीने न्यू जर्सी मुंबईला जितकी जवळ होती, तितके पेण नव्हते. खासगी सेवादारांना १९९८ च्या अखेरीस परवानगी मिळाली, २००० मध्ये भारत संचार निगम स्थापन झाले आणि हळूहळू स्थानिक दरात इंटरनेट मिळू लागले. तालुक्याच्या गावी सायबर कॅफे उघडले.

तोवर यूजनेटच्या वाड्याला तडे गेले होते. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी चिकटवली आणि नको असलेल्या जाहिरातींचा पूर सुरू झाला. पुढे संगीत व चित्रपटांच्या बेकायदा प्रतींनी जागा व्यापली. २००८ मध्ये अमेरिकेतील मोठ्या सेवादारांनी अनेक गट बंद केले किंवा यूजनेटच सोडले. ज्या ड्यूक विद्यापीठात जन्म झाला, तेथील यूजनेट संगणकही मे २०१० मध्ये थांबविण्यात आला. या पडझडीच्या काळात गुगल तारणहार वाटले होते. २००१ मध्ये त्या कंपनीने 'डेजा न्यूज'चा संग्रह विकत घेतला आणि त्याच वर्षाअखेर वीस वर्षांचा मजकूर लोकांसमोर ठेवला. त्यातील आरंभीचा मोठा भाग टोरांटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळात १४१ चुंबकीय फितींवर जपलेला होता. ते काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. एका कर्मचाऱ्याच्या चिकाटीने जे वाचले, ते एका कंपनीच्या दालनात ठेवले गेले आणि दालन म्हणजेच यूजनेट, असा समज रूढ झाला. २०२४ च्या निर्णयानंतर 'यूजनेट बंद पडले' असे वाटणे हा त्याच समजाचा परिणाम होय. बंद पडले ते एक दार. जाळे आजही चालू आहे.

याचा पेण-रोह्याशी संबंध तो काय, अशी शंका कोणी घेईल. या भागातील गेल्या दोन दशकांचे सार्वजनिक प्रश्न आठवून पाहावेत. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनावर पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेण्यात आले; देशभर त्याची चर्चा झाली. पेण अर्बन सहकारी बँकेवर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदारांचा दीर्घ लढा सुरू झाला. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये घातलेली बंदी आणि जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास व विकण्यास दिलेली मुभा, या दोहोंच्या मध्ये पेणच्या मूर्तिकारांनी पाच अस्थिर वर्षे काढली. रोह्याला धाटाव औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखाने आणि कुंडलिका नदी हा विषय तर कायमचाच. अधिकृत कागदपत्रे, निकाल आणि बातम्या शोधता येतात. सामान्य माणसे आपापसांत काय बोलली, हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

त्याचे कारण जागांच्या आयुष्यात आहे. २००८ च्या सुमारास मराठी तरुण ऑर्कुटवर बोलत होते; ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. जाहीर समूहांचा संग्रह काही काळ ठेवला गेला, पुढे तोही काढला. याहू ग्रुप्सवरील साठलेला मजकूर २०१९ च्या अखेरीपासून पुसण्यात आला आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच संपली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट असंख्य लोकांच्या खिशात आले आणि गावाची चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत गेली. तेथे सदस्यसंख्येला १,०२४ ची मर्यादा आहे, प्रवेश गटचालकाच्या मर्जीवर आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक उघड करून मिळतो, नव्याने आलेल्याला मागचे सारे आपोआप दिसत नाही, बाहेरच्याला तर काहीच नाही. खासगी बोलण्यासाठी ही बंदिस्त रचना योग्यच आहे. गावाच्या प्रश्नासाठी नव्हे. प्रवेश महाग होता तेव्हा चर्चा खुली होती आणि प्रवेश जवळपास फुकट झाला तेव्हा ती बंद खोलीत गेली, असा हा उफराटा प्रवास आहे.

शिवाय ही खोली एकाच वाटेवर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागाचा संपर्क तुटला. मजकूर साठवून वाट मिळेल तेव्हा पुढे पाठविण्याची यूजनेटची पद्धत तुटक वाटांसाठीच जन्मली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मग पर्यायी वाट कोणती? 'इटर्नल सप्टेंबर' हा जर्मनीतील संगणक नोंदणी करणाऱ्या कोणालाही यूजनेटचे मजकुरी गट विनामूल्य देतो. 'थंडरबर्ड' हा ई-मेलसाठी वापरला जाणारा मोफत प्रोग्राम त्याला जोडता येतो आणि त्यातून देवनागरी व्यवस्थित उमटते. केवळ मजकूर असल्याने अगदी मंद जोडणीही पुरते. जुन्या गटांचे मोठे संग्रह इंटरनेट अर्काइव्हवर उतरवून घेता येतात. संगणक आणि प्रोग्रामविषयीच्या गटांत आजही जाणकारांचा राबता आहे. मराठी वाचकाने मात्र फार आशा धरू नये. भारतीय भाषांचे गट ओस पडले आहेत आणि ओस पडलेल्या वाड्यात केवळ दार सापडल्याने वस्ती होत नाही.

त्याहून व्यवहार्य दुसरा मार्ग आहे. यूजनेटचा संगणक चालविणारा 'आयएनएन' हा प्रोग्राम मोफत व मुक्त असून जुन्या संगणकावरही चालतो. जगाच्या जाळ्याला न जोडता केवळ तालुक्यापुरते गट त्यावर काढता येतात. पेणच्या एखाद्या वाचनालयात एक संगणक आणि रोह्याच्या महाविद्यालयात दुसरा, दोघांत मजकुराची देवघेव, म्हणजे एक बंद पडला तरी प्रत दुसऱ्याकडे राहील. यंत्राचा खर्च किरकोळ आहे. अडचण आहे ती रोज बसून जाहिराती व शिवीगाळ उपसणाऱ्या माणसाची, बदनामीची तक्रार आल्यास उत्तर देणाऱ्या संस्थेची आणि तिच्या वार्षिक सभेत या कामासाठी वीजबिलाची तरतूद मंजूर करून घेण्याची.