शेजारधर्म, भाडे आणि मालकी

शेजारणीचा मिक्सर मागून आणावा आणि परत करताना सोबत वाटीभर चटणी द्यावी, ही आपल्या चाळींतील रीत अद्याप नाहीशी झालेली नाही. तथापि तिच्या जोडीला आता एक निराळा व्यवहार रुजू लागला आहे. वॉशिंग मशीन फेरीमागे ठरावीक पैसे घेऊन वापरू द्यावयाचे, ड्रिल मशीन दिवसाच्या भाड्याने द्यावयाचे. घरातील वस्तू पडून का राहावी, तिच्यावर चार पैसे का मिळवू नयेत, असा सल्लाही सर्रास दिला जातो. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; पण मालकी, वेतन आणि स्त्रीचे श्रम हे तिन्ही विषय त्यात गुंतलेले असल्यामुळे समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याचा विचार करावयास हवा.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, भाडे घेणाऱ्या कुटुंबाला दोष देण्याचे कारण नाही. कंत्राटी नोकरी, मुलांची फी, औषधपाणी आणि त्याच यंत्राचा मासिक हप्ता या ओढाताणीतून हा मार्ग सुचलेला असतो. दोष आहे तो जोडउत्पन्नाचे गोडवे गाणाऱ्यांचा. मूळ उत्पन्न अपुरे का पडते, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. वेतनाची तूट घरातील यंत्राने भरून काढावी, असा या उपदेशाचा खरा अर्थ आहे.

आता हिशेब पाहू. समजा, एका कुटुंबाने १८ हजार रुपयांचे वॉशिंग मशीन घेतले आणि शेजारची ५ कुटुंबे आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ३० रुपये देऊन ते वापरू लागली. आठवड्याचे ३०० आणि वर्षाचे १५,६०० रुपये झाले. वीज, पाणी व दुरुस्तीपोटी निम्मी रक्कम वजा केली, तरी ७,८०० रुपये उरतात. म्हणजे अडीच वर्षांच्या आत यंत्राची सारी किंमत शेजाऱ्यांनी फेडली. यंत्र मात्र एकाच घरचे राहिले. हीच ६ कुटुंबे एकत्र आली असती, तर प्रत्येकी ३ हजारांत ती सर्वच मालक झाली असती. तेव्हा येथे भाडे हे केवळ वापराचे मोल राहत नाही. एकरकमी पैसा हाताशी नसल्याचा तो दंड होतो.

मालकाचाही यात निखळ लाभ नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो. शेजाऱ्यांच्या कपड्यांमुळे वापर १०० किंवा ३०० युनिटांच्या पुढे गेला, की त्यापुढील प्रत्येक युनिट महाग पडते. घरगुती जोडणीवर धंदा चालविला, तर २००३ च्या विद्युत कायद्यानुसार तो अनधिकृत वापर ठरू शकतो. शिवाय मोटार जळाली तर खर्च कोणी सोसावयाचा, या वादात वर्षांचा शेजार तुटतो तो वेगळाच.

या व्यवहारातील सर्वांत मोलाची वस्तू यंत्र नव्हे, तर वाचलेला वेळ आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, तर पुरुष ८८ मिनिटे. चार घरची धुणीभांडी आटोपून आलेली स्त्री स्वतःच्या घरचे धुणे हातानेच धुते. वेळेची गरज तिला सर्वाधिक आणि ३० रुपये परवडत नाहीत तेही तिलाच. भाड्याच्या व्यवहारात गरज मोजली जात नाही. ऐपत मोजली जाते.

यावर उपाय आपल्या परंपरेतच आहे. एकेकच बैल असलेले शेतकरी सावड करून औत चालवीत. त्यात भाडे नव्हते, परतफेड होती. आज ठिकठिकाणी बचत गट आणि शेतकऱ्यांचे गट अवजार बँका चालवितात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया सावकाराच्या पाशात होत्या. संघटित झाल्यावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू शकले. चूल तीच, श्रमही तेच. पण एकटीला जी पत नव्हती ती संघटनेने मिळवून दिली.

हेच सूत्र घरगुती यंत्रांना लावता येईल. आठ-दहा कुटुंबांनी भाग घालून यंत्र घ्यावे. ज्यांना एकरकमी भाग देणे जमत नाही त्यांच्याकडून तो हप्त्यांनी घ्यावा. सामायिक जागेत स्वतंत्र मीटरवर ते चालवावे. वापराचे शुल्क वीज व दुरुस्ती भागेल इतकेच असावे आणि वर्षाअखेर शिल्लक उरलीच, तर ज्याने जितका वापर केला त्या प्रमाणात ती परत करावी. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी आपल्या सहकारी दुकानात हाच नियम घालून घेतला होता. ज्या घरी आधीच यंत्र आहे, त्याचे यंत्र गटाने झीज वजा करून विकत घ्यावे, म्हणजे त्या कुटुंबाचेही नुकसान होणार नाही.

'सर्वांचे ते कोणाचेच नाही' असा आक्षेप येथे हमखास घेतला जाईल. तो निराधार नाही. वही नीट न ठेवल्यामुळे आणि जबाबदारी कोणा एकावर निश्चित न केल्यामुळे आपल्या कित्येक सहकारी संस्था बुडाल्या. म्हणूनच वही उघडी असावी, वापराच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या असाव्यात आणि देखरेखीचे काम दरमहा बदलावे; त्यातून पुरुषांनाही सूट नसावी.

अशा गटांनी वेतनाचा प्रश्न सुटणार नाही, तो लढा चालूच राहील. परंतु ज्या शाखेला आपल्या वस्तीतील दहा कुटुंबांत एक वॉशिंग मशीन नीट चालविता येत नाही, तिने उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीवर भाषण केले, तर लोकांनी ते का ऐकावे?